गंगीचं अभ्यंगस्नान

मांजराला उटणं लावून आंघोळ घालू नये. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण लिहिणाऱ्यांना वाटलं असणार, असं कोण करील? मी केलं. एकाच सकाळी, तीन मांजरांना!

सुरुवात सोफ्यापासून झाली. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधून आम्ही क्रीम रंगाचा सोफा-कम-बेड घेतला. टेम्पोवाल्यांनी तो आमच्या कात्रपच्या घरी, जिन्याच्या प्रत्येक वळणावर माझ्या सूचना ऐकत, वर चढवला. (मला गप्प उभं राहताच येत नाही. कुकरची वाफ आपोआप जायची वाटसुद्धा मी बघत नाही, शिट्टी उचलून मोकळी होते.) सोफा हॉलमध्ये टेकला आणि आतून आवाज आला, "म्याँव!"

आमच्याकडे आधीच दोन मांजरं. गंगी म्हणजे पांढरीशुभ्र, वयस्कर, घराची मालकीण. आणि बंड्या, दिसायला दांडगा बोका, पण झुरळ दिसलं तरी ह्यांच्या मागे लपणारा. दोघंही समोरच बसलेली. मग आत कोण?

ह्यांनी सोफ्याखालचा कप्पा उघडला. आत मुठीएवढं, कळकट करडं पिल्लू. मी लगेच दुकानात फोन लावला.

"शेठ, सोफ्यात मांजर निघालंय!"

"अरे भाभीजी, अच्छा शगुन है. रख लो."

"रख लो काय? परत घेऊन जा!"

"एक्सचेंज नहीं होता, भाभीजी. बिल के पीछे लिखा है."

तोवर बंड्या वॉशिंग मशीनच्या मागे शिरला होता. गंगीने पिल्लाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि उडी मारून फ्रीजवर मुक्काम ठोकला. जेवायला खाली येईना. दुपारी माझ्या पोटावर झोपायचा तिचा कित्येक वर्षांचा नेम, तोही बंद! मी पोट मोकळं ठेवून आडवी व्हायचे आणि ती वरून पाठ करून बसायची. खोटं कशाला सांगू, मला रडू यायचं.

"गंगी जेवली नाही तर पिल्लू जाणार," ह्यांनी जाहीर केलं.

"बाबा, असं नसतं," आमची लेक केतकी मोबाइलमध्ये बघत म्हणाली. "आधी वेगळी खोली. मग दाराच्या फटीतून एकमेकांचा वास. मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. हळूहळू होतं. महिनासुद्धा लागतो."

"महिना?" मी ओरडले.

"आई, तू फक्त काहीही करू नकोस."

आता ही काय मला झेपणारी गोष्ट आहे? पण बसले गप्प. पिल्लू बेडरूममध्ये, आम्ही हॉलमध्ये. केतकी ह्यांचं जुनं बनियन पिल्लाच्या अंगावरून फिरवून गंगीपुढे ठेवायची आणि गंगी ते पंजाने फ्रीजवरून खाली ढकलायची. दोन दिवस तिने जेमतेम दुधाला तोंड लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना.

भांडण वासाचंच आहे ना? मग तिघांना एकच वास दिला की संपलं! केतकी कॉलेजला गेली होती आणि कपाटात दिवाळीचं उटणं उरलं होतं.

"अहो, जरा बंड्याला धरा."

"कशाला?"

"धरा हो! सगळं विचारत काय बसता?"

पिल्लू घाबरून गप्पच राहिलं. बंड्याने ह्यांच्या हातावर नकाशा काढला. गंगीला मी स्वतः फ्रीजवरून उतरवलं, तेव्हा तिने जो आवाज काढला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कोणाला लागलं का हो?" बादलीभर पाण्यात तिघं भिजली, चोळून झाली, आता फक्त धुवायचं बाकी. मी नळ सोडला. नळाने घशातल्या घशात "खर्रर्र" केलं आणि थांबला.

"पाणी गेलं?"

"आज शटडाऊन आहे. कालच सोसायटीच्या ग्रुपवर आलंय."

"मग सांगायचं नाही?"

"मला काय माहीत तू मांजरांची दिवाळी काढणार आहेस!"

बारवी धरण काठोकाठ भरलेलं, आणि माझ्या मोरीत थेंब नाही! एवढ्यात बेल वाजली. केतकीचं लेक्चर रद्द झालं होतं. हे दार उघडायला धावले, पण जाताना मोरीचं दार उघडंच टाकून. पुढचं काही मला नीट दिसलं नाही, कारण उटणं डोळ्यांत गेलं होतं. नुसता आवाज ऐकला. डोळे पुसून बाहेर आले तर पडद्यावर पंजे, भिंतीवर पंजे आणि क्रीम रंगाच्या सोफ्यावर तर पंजे मोजायचीही सोय नाही. (सोफ्याचं प्लॅस्टिक वर्षभर तरी काढू नको, असं हे म्हणत होते. मी आदल्या दिवशीच काढलं होतं.)

"आईऽऽ!" केतकी दारातच उभी. "तुला सांगितलं होतं ना!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच मला गप्प केलं. "शूऽऽ. तिकडे बघ."

सोफ्याच्या कोपऱ्यात बंड्या स्वतःला चाटत होता. गंगी एकदा चाटायची, तोंड वाकडं करायची, पुन्हा चाटायची. आणि पिल्लाला पंजाखाली दाबून त्याचंही अंग चाटून काढत होती!

"बघितलंस?" माझी छाती फुगली. "महिना म्हणे!"

मी ऐटीत पुढे गेले. "ये गं माझ्या गंगे!" तिघांनी माना वर केल्या. ती चाटून घालवत होती तोच उटण्याचा वास माझ्या केसांपासून कोपरापर्यंत. गंगी माझ्यावर फिसकारली. बंड्या, झुरळाला भिणारा बंड्या, माझ्यावर फिसकारला! आणि त्या दोघांचं बघून पिल्लाने आयुष्यातलं पहिलं फिसकारणं माझ्यावर काढलं.

संध्याकाळी गंगी पिल्लाला शेजारी घेऊन पोटभर जेवली. केतकीच्या हातून. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ताट तिथेच आणि मांजरं पसार. शिकेकाई झाली, लिंबू झालं, डोकं चार वेळा धुतलं, पण केसांतला वास जाईना. पोट अजून मोकळंच!

"आता एकच उपाय," केतकी म्हणाली. "वेगळी खोली."

"पुन्हा पिल्लाला कोंडायचं?"

"पिल्लाला नाही, आई."

तेव्हापासून मांजरांच्या जेवणाच्या वेळी मी बेडरूममध्ये, दार लावून. माझा जुना गाऊन गंगीपुढे ठेवला जातो. माझं ताट दाराच्या अलीकडे, तिचं पलीकडे. (स्वयंपाक हे करतात, तेवढाच फायदा.) काल जेवता जेवता दाराखालच्या फटीतून एक पांढरा पंजा आत आला आणि हळूच माझ्या बोटाला लागला. नखं आत होती! मी ताट सोडून कडीला हात घातला.

"आई, घाई करू नकोस!" बाहेरून केतकी.

मी पुन्हा खाली बसले. मग राहवलं नाही म्हणून फटीशी तोंड नेऊन, फक्त गंगीला ऐकू जाईल इतपत हळू, म्हटलं, "म्याँव."

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "केतकी, तुझ्या आईला जरा दूध दे गं."