हरकत फेटाळली

गणू भोईर आमच्या ऑफिसात अनुवादक म्हणून लागला तो १९७२ साली. ऑफिस भूसंपादनाचं. खाडीकाठच्या ज्या गावांच्या जमिनी नव्या शहरात जायच्या होत्या, तिथल्या लोकांच्या हरकती मराठीत यायच्या. साहेबांचे निर्णय इंग्रजीत व्हायचे. दोन्हींच्या मधे गणू बसायचा. तो त्यातल्याच एका गावचा, गावातला पहिला बी.ए. मी शेजारच्या टेबलावर टायपिस्ट होतो, साताऱ्याकडून आलेला. पुढे बारा-तेरा वर्षं आमची टेबलं शेजारीच राहिली.

आई लहानपणीच गेली, म्हणून त्याला वाढवलं मावशीनं, धोंडूबाईनं. विधवा बाई, मूलबाळ नाही. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकली आणि याला शिकवलं. एकदा ती ऑफिसात आली होती. गणूची खुर्ची हाताने चाचपून बघितली आणि निघून गेली.

गणूला शब्दांचं वेड. एखादा इंग्रजी शब्द अडला की जेवणाच्या सुट्टीतही तो त्यालाच धरून बसायचा. ‘ओव्हररूल’चं त्याने मला एकदा सांगितलं होतं. "रद्द करणं म्हणजे असलेलं काढून टाकणं. अमान्य म्हणजे नुसतं पटलं नाही. डावलणं म्हणजे बघून न बघितल्यासारखं करणं. खालच्याचा निकाल वरच्याने फिरवला, तर तो फिरवणं. या सगळ्यातलं थोडं थोडं त्या शब्दात आहे. पण हरकतीला एकच शब्द बसतो, फेटाळणं. त्यात ऐकणारा जागेवर असतो, ऐकतो, आणि नाही म्हणतो."

त्याच्या गावची सुनावणी झाली तेव्हा धोंडूबाई बायकांच्या पुढे होती. "शेतं घेतलीत," ती साहेबांना म्हणाली, "पन खळा नका घेव. मासली सुकवाला दुसरी जागा नाय आमाला." साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. बायकांना चहा दिला. आपलं काम झालं असं समजून त्या हसत गावाला गेल्या.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी निर्णय सांगितला, "ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड." गणूने मराठीत लिहिलं, ‘हरकत फेटाळली.’ मी टाइप केलेला कागद सहीला गेला आणि लाल रेघ मारून परत आला. साहेबांनी गणूला आत बोलावलं, नवा मजकूर घ्यायला मलाही.

"भोईर, फेटाळली लिहिलं की लोक पेटतात," साहेब म्हणाले. "असं लिहा, हरकतीचा सहानुभूतीने विचार करून ती निकाली काढण्यात आली."

"साहेब, त्याचा अर्थ वेगळा होतो. लोकांना वाटेल आपल्या बाजूने निकाल लागला."

"निकाली काढली म्हणजे काम संपलं. यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही, पण कळणारही नाही. कोर्टात जायचं तर मुदत असते, साहेब. त्यांना वेळेत कळायला हवं."

साहेब अजिबात चिडले नाहीत. "तुमचं म्हणणं मी ऐकलं," ते म्हणाले, "आणि ते मी ओव्हररूल करतो. याला मराठीत काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

मी मजकूर पुन्हा टाइप केला. तो चावडीवर लावायला आम्ही दोघं गेलो. सरपंच रावसाहेब पाटलांनी तो मोठ्याने वाचला. सहानुभूती हा शब्द आला तेव्हा बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"आमचा आयकला ना त्यांनी?" धोंडूबाईने विचारलं.

"नाय मावशे," गणू म्हणाला. "हरकत फेटाळली. खळा जानार. कोरटात जायाचा तं आताच जा."

रावसाहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "दाखव बरं, कुटं लिवलाय फेटाळली? सरकारी शिक्का हाय यावर. तुजा खरा मानू का शिक्क्याचा?"

"मीच लिवलाय तो कागद, पाटील."

"मंग तुला तरी समजाला पायजे होता," मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. धोंडूबाईसुद्धा हसली. शिकलेलं पोर उगाच भितं, असं तिला वाटलं असावं.

मुदत गेली. पावसाळ्यानंतर यंत्र आलं आणि खळ्यावर भराव पडू लागला. बायका आडव्या झाल्या, पोलिसांनी उचलून बाजूला केल्या. त्या संध्याकाळी गणूच्या दारात लोक जमले. त्याने आधी सांगितलं होतं हे कोणालाच आठवेना. आठवलं ते एवढंच, की कागद त्याने लिहिला होता. पंचांनी त्याला वाळीत टाकलं. त्याच्या बायकोला, अरुणाला, विहिरीवर बायका पाणी भरू देईनात. शेवटी दोघं वाशीला भाड्याच्या खोलीत राहायला आली.

धोंडूबाई नंतर वाशीतच सेक्टरच्या कोपऱ्यावर फुटपाथला मासळी घेऊन बसायची. कितीतरी वर्षं ती गणूकडे बघायची नाही. अरुणा मासळी घ्यायला गेली की मुकाट्याने द्यायची, पण बोलायची नाही. मग एके दिवशी तिनेच गणूला थांबवलं. "तू बोललेलास," ती म्हणाली. "आमीच नाय आयकला. कागद गोड लागला." त्यानंतर ती त्यांच्या खोलीवर येऊ लागली. भात-कालवण जेवायची आणि तिथेच पाय पसरून पडायची.

१९८५ मध्ये ती आजारी पडली. गावच्या घरीच मरायचं म्हणाली. शेजारच्या जाईबाईला आणि दोघातिघांना बोलावून तिने सांगितलं, "माजी आग गनूच देईल. तो माजा पोर हाय."

ती गेल्याचं कळलं तसा गणू गावात पोचला. मी बरोबर होतो. अंगणात पंच बसले होते. जाईबाईने म्हातारीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. रावसाहेबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"बाईचा ठीक हाय," ते म्हणाले. "पन गावाचा ठरलाय."

"तिची शेवटची इच्छा हाय, पाटील," गणू म्हणाला.

"ती गेली. आमाला या गावात ऱ्हायाचा हाय."

कोणी आवाज चढवला नाही. आग द्यायला उरणकडचा एक लांबचा पुतण्या बोलावला होता. त्याला म्हातारीचं पूर्ण नावही माहीत नव्हतं. मंत्र सांगणाऱ्याने विचारलं तेव्हा ते गणूनेच लांबून सांगितलं.

चिता पेटली तेव्हा गणू खाडीच्या बांधावर, गावापासून वेगळा उभा होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. चिता विझेपर्यंत तो तिथेच थांबला.

सोमवारी तो नेहमीसारखा कामावर आला. टेबलावर दुसऱ्या एका गावाच्या हरकतींवरचे निर्णय येऊन पडले होते. साहेब आता दुसरे होते, वाक्य तेच होतं, ‘ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड.’ गणूने पेन उघडलं आणि मराठीत लिहिलं, ‘हरकत फेटाळली.’