सुटली म्हण की, आक्का

आमच्या आबांना फोन लावता येत नाही. आला तर उचलतात, कानापासून वीतभर लांब धरून ओरडतात, आणि बंद करायचं राहूनच जातं. म्हणून त्या दिवशी दिवेलागणीला माझ्या मोबाइलवर ‘आबा’ असं नाव उमटलं, तेव्हाच काहीतरी घडलंय हे मी ओळखलं. फोन दुसऱ्या कुणीतरी लावून दिला होता. आबा एवढंच म्हणाले, “आक्का, अंकुशला लागलंय. ये.” बीडहून शिरूर कासारपर्यंत मी एसटीत उभी होते आणि डोक्यात एकच... बसला हा त्यात. माझी शपथ मोडून बसला. खरं सांगते, मला रडू नव्हतं आलं, राग आला होता. पोचल्यावर कळलं, माझा भाऊ कशातच बसला नव्हता. परळीचं काम उरकून मोटारसायकलवर परत येताना वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. मागं ना दिवा, ना लाल फडकं. ज्याला मी दोन वर्षं आभाळापासून अडवून धरलं, तो डांबरी रस्त्यावर गेला.

आम्ही मेंढरामागं फिरणारी माणसं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, बीएस्सी झाले, आता फिजिक्स शिकवते. हे सांगताना मी कधी लाजत नाही. अंकुश माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. बारावीला इंग्रजीत दोनदा गेला आणि गावात मोटारी भरायचं दुकान टाकून बसला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, नवी तांब्याची तार भरायची. ते करता करता मोबाइलवर बघून त्यानं रिमोटवर उडणारं हातभर हेलिकॉप्टर बनवलं. पाती बांबूची, तासून तासून कागदासारखी केलेली. पहिल्यांदा माळावर उडवलं तेव्हा सगळी मेंढरं दाही दिशांना पांगली. आबा काठी घेऊन धावले, “बंद कर बे ते! गाभडतील मेंढरं!” आठ दिवस बापलेकांत अबोला होता. पुढं एक गाभण मेंढी चुकली. अंकुशनं चार पंख्यांचं, कॅमेरा लावलेलं यंत्र वर पाठवलं आणि ओढ्याच्या कपारीत ती शोधून दिली, शेजारी ओलं कोकरू. तेव्हापासून आबा बाजारात सांगत फिरायचे, “आमच्या अंकुशचा पंखा लई नजरबाज हाय. सरकारी माणसाला दिसत न्हाई ते त्याला दिसतं.” मात्र उडवायच्या दिवशी मेंढरं तीन मैल लांब न्यायची, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

मग त्याच्या डोक्यात माणूस उचलणारं यंत्र आलं. त्याची सगळी माहिती इंग्रजीत. दर रविवारी तो पानांचे फोटो पाठवायचा, मी फोनवर वाचून मराठीत सांगायची. सांगायची मी आणि समजायचं त्याला. कधी कधी मी अर्धं वाक्य वाचलं की पुढचं तोच सांगायचा. आठ पंखे, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि मधोमध पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची. प्रत्येक पातं तो खिळ्यावर आडवं तोलून बघायचा. जी बाजू झुकेल ती पॉलिशपेपरनं घासायची, परत तोलायचं. ही सवय इतकी लागली की जेवताना चमचाही बोटावर तोलून मगच डाळीत घालायचा. चाचणीच्या वेळी यंत्राभोवती वाघूर लावायचा. रात्री मेंढरं कोंडायची ती जाळी. म्हणायचा, “मेंढरं आत ऱ्हावी म्हणून लावत्यात, मी माणसं भायेर ऱ्हावी म्हणून लावतो.”

पहिल्याच चाचणीला मी हजर होते. एक पातं सुटलं, वाघूर फाडून गेलं आणि दुकानाच्या पत्र्यात रुतून थरथरत राहिलं. खुर्चीत कुणी नव्हतं. मी तिथंच म्हणाले, “माझी शपथ हाय तुला, ह्यात बसशील तर.” आमच्याकडं शपथ घातली की घालणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. मोडली, तर वाईट घालणाऱ्याचं होतं. फिजिक्स शिकवणारी बाई मी, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्याचा होता, आणि ते मला ठाऊक होतं.

तो बसला नाही. त्यानं गावातल्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर स्वतःचं वजन केलं, अठ्ठावन्न किलो, आणि तेवढीच ज्वारी पोत्यात भरून ते पोतं खुर्चीला पट्ट्यानं बांधलं. आई म्हणाली, “त्याला उघडं कावून बसवतो?” मग आईनंच त्याचा जुना निळा सदरा पोत्याला घातला, पोत्याचं तोंड कॉलरीतून वर काढलं. आबांनी नाव ठेवलं, पाव्हणं. “पाव्हणं उतरलं का खाली? च्या टाका पाव्हण्याला!” दोन वर्षं माझ्या भावाच्या जागी पाव्हणं उडत राहिलं. अंकुशनं दुहेरी नट बसवले, प्रत्येक नटाला तार आवळली, पाती बदलली. आणि दर रविवारी वाचन संपलं की फोनवर हसत विचारायचा, “आक्का, सुटली म्हण की.” मी म्हणायची, “न्हाई.”

भाऊबीजेला ओवाळून झालं आणि तो मला माळावर घेऊन गेला. पाव्हणं पुरुषभर उंच गेलं, हाललं नाही, डुललं नाही. मी मनात शंभर अंक मोजले. मग त्यानं ते असं उतरवलं, जशी खुडुक कोंबडी अंड्यावर बसावी. पंखे थांबल्यावर तो म्हणाला, “दरसाल मी ओवाळणी देतो. औंदा तू दे. सुटली म्हण.” यंत्र सुरक्षित होतं. त्याची गणितं मी तपासली होती, एकही चूक नव्हती. मला भीती नव्हती... हे लिहायला दोन आठवडे लागले मला. बारावी नापास भाऊ माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला फार आधी कळलं होतं. फक्त या एका गोष्टीसाठी त्याला मला विचारावं लागत होतं, आणि ते मला आवडत होतं. मी म्हणाले, “संक्रांतीला आल्यावर बघू.” त्यानं पाव्हण्याचा पट्टा सोडला, सदऱ्यावरची धूळ झटकली. संक्रांतीच्या आधीच...

तेराव्यानंतर मी एकटीच दुकानात गेले. पत्र्याला पात्यानं पाडलेली फट तशीच आहे, तिच्यातून उन्हाची एक पट्टी खुर्चीवर पडते. पाव्हणं निळ्या सदऱ्यात बसलेलं होतं, थोडं पुढं झुकलेलं, त्यानं नट आवळताना झुकावं तसं. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, “सुटली.” परत एकदा मोठ्यानं म्हणाले. मागं कुणीतरी उभं होतं. आई, हातात सूपभर ज्वारी.

“काय म्हणलीस?”

“काही न्हाई.”

आईनं खाली वाकून पोत्याच्या बुडाला हात लावला. तिथं उंदरानं कुरतडलं होतं, आणि तिनं दाभणानं शिवून घेतलं होतं. “उंदरं लई झाल्यात,” ती म्हणाली. “दर दोन दिसाला भर घालावी लागती. त्याचं वजन कमी व्हाया नको. धर.”

मी सदऱ्याची कॉलर दोन्ही हातांनी उघडी धरली. आई हळूहळू ज्वारी ओतत राहिली.