जावई कुठं झोपले होते?

मुर्रीच्या योगेश्वरीबाई टेंभरे बी.ए. आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्यांचा खरा अभ्यासाचा विषय काळजी, हे फक्त घरच्यांना ठाऊक. यजमान लखनलाल धानाच्या बांधीवर गेले आणि यायला अर्धा तास उशीर झाला, की बाईंच्या डोळ्यांसमोर आधी साप येतो, मग मोटारपंपाचा शॉक, मग रेल्वे फाटक. शेताच्या वाटेवर फाटक नाही, पण ते येतं. एकुलती लेक भूमेश्वरी पुण्याला नोकरीला निघाली तेव्हा कशाकशापासून जपायचं याची चौदा कलमी यादी त्यांनी तिच्या बॅगेत घातली होती. तिच्यात लिफ्ट होती, उघड्यावरची पाणीपुरी होती, गोड बोलणाऱ्या मैत्रिणी होत्या. हंगेरीचा मुलगा नव्हता.

"तू यादीत घातलंच नव्हतंस, आई," भूमी नंतर म्हणाली.

मुलाचं नाव बालाझ. पुण्यातल्या कंपनीत दोन वर्षांसाठी आलेला. ताडमाड उंच, उन्हात उभा राहिला की पाच मिनिटांत पिकल्या टमाटरासारखा लाल. मुर्रीनं त्याला पहिल्याच दिवशी बालाजी करून टाकलं. बाईंनी भूमीचा शाळेतला नकाशा काढून हंगेरी शोधली. देशाला समुद्र नाही हे पाहून त्यांना जरा बरं वाटलं. निदान बुडायची भीती नाही. मुलगा पाया पडतो, भात हातानं खातो, तिखट लागलं तरी डोळे पुसत पुन्हा वाढून घेतो. मग नाही कशाला म्हणायचं? आधी गोंदियाला कायद्यानं लग्न झालं, आठवड्याभरानं दारात मांडव घालून पुन्हा झालं. बालाझला बुडापेस्टमध्ये नव्या नोकरीवर हजर होण्यासाठी निघायला अजून बावीस दिवस होते. आणि गोची झाली ती या बावीस दिवसांत.

लेक माहेरी असली की जावई पाहुणा, आणि पाहुण्याची बाज छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, सासऱ्याच्या बाजेशेजारी. लेक आत आईजवळ. हा त्या घरचा रिवाज, आणि त्याच्या पहारेकरी होत्या योगेश्वरीबाईंच्या सासू, ऐंशीच्या सुखवंताबाई. बाईंनाही त्यात वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या माहेरी, दवनीवाड्याला, तीस वर्षांपूर्वी लखनलालही असेच छपरीत झोपले होते, आणि सासऱ्यांचं खोकणं ऐकत त्यांनी रात्र काढली होती. दोन रात्रींचा प्रश्न असतो. तिसऱ्या दिवशी माणूस बायको घेऊन आपल्या घरी जातो.

इथं मात्र घर होतं हंगेरीत, आणि तिथं जायला भूमीजवळ व्हिसा नव्हता.

"आई, लग्न झालं ना आमचं? तेही दोनदा," भूमीनं पहिल्या रात्री कुजबुजत विचारलं.

"झालं ना. सासरी जा अन् खुशाल राहा."

"सासरी जायला व्हिसा लागतो."

"मंग येऊ दे व्हिसा. पळून चालला का नवरा?"

बावीस रात्री बालाझ छपरीत झोपला. त्याच्या लांबीची बाज गावात नव्हती, म्हणून पायथ्याला एक स्टूल लावून दिलं. दिवसा लखनलाल त्याला बांध्या दाखवायला नेत, भूमी बायकांच्या घोळक्यात. शेवटी दोघं नागझिऱ्याला वाघ पाहायला निघाली, तेव्हा बाईंना खरोखर वाटलं की चला, पोरांना एक दिवस मोकळा मिळेल. पण सुखवंताबाई लुगडं बदलून आधीच गाडीत बसल्या होत्या.

"तुम्ही कुठं, आत्याबाई?"

"काऊन? मी वाघ नाई पायला का अजून!"

वाघ दिसला नाही. आजी मात्र प्रत्येक फोटोत दिसली, बरोबर दोघांच्या मधोमध.

मग बालाझचे बावीस दिवस संपले आणि गोंदियाच्या फलाटावर एक उलटीच पाठवणी झाली. नवरी फलाटावर, नवरा डब्यात, आणि तोच हुंदके देऊन रडतो आहे. अनुसयाबाई शेजारधर्म म्हणून स्टेशनावर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, नवरदेवाले रडताना पहिल्यांदा पायलं. आमच्या इथं ते नंतर रडतेत."

दोन महिन्यांनी दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. लेकीला एकटीला दिल्लीला पाठवायचं, हा विचार बाईंच्या मनाला शिवणंही शक्य नव्हतं. दोघी गेल्या. रस्ताभर बाईंनी एकच सांगितलं, "साहेबासमोर खोटं बोलू नको. खोटं पकडलं जाते. जे विचारतीन ते खरं खरं सांग."

व्हिसाच्या कार्यालयाबाहेर कडुनिंबाखाली त्या दीड तास उभ्या राहिल्या. तेवढ्या वेळात त्यांनी भूमीला मनातल्या मनात दोनदा अटक करवली आणि एकदा बेशुद्ध पाडलं. भूमी बाहेर आली ती धडधाकट, पण कानापर्यंत लाल.

"काय विचारलं?"

"लग्नानंतर किती दिवस सोबत राहिलात. मी म्हटलं बावीस."

"बरोबर."

"मग विचारलं, नवरा कोणत्या खोलीत झोपायचा."

"मंग?"

"खरं सांगितलं. तूच सांगितलं होतंस खरं बोल म्हणून. बाबूजींच्या बाजूला, छपरीत."

"अन् तू?"

"तुझ्या बाजूला."

"साहेब काय म्हणाला?"

"काही नाही. खूप वेळ लिहीत होता. मग फोटो पाहिले. आई, चाळीस फोटो नेले होते मी. एकतीस फोटोंत बालाझ आणि बाबूजी, नऊ फोटोंत बालाझ, मी आणि मध्ये आजी. फोटो पाहून कोणालाही वाटेल की बालाझचं लग्न बाबूजींशी झालं!"

तीन आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. भाषा अगदी सभ्य होती. पती-पत्नी एकत्र राहिल्याचं दिसत नाही; हा विवाह केवळ कागदोपत्री असावा अशी शंका आहे; फेरविचारासाठी पंधरा दिवसांत अर्ज करता येईल. भूमीनं पत्र वाचलं, घडी घातली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवशी ती जेवली नाही. बालाझचा फोन तीनदा वाजला, तिनं उचलला नाही.

योगेश्वरीबाई आयुष्यभर ज्या संकटांची काळजी करत आल्या, ती सगळी बाहेरून येणारी होती. साप, शॉक, रेल्वे. हे संकट त्यांनी स्वतः घरात बाज टाकून आणलं होतं. लेकीचा संसार सुरू होण्याआधीच अडला होता, आणि अडवणारा हात त्यांचा होता. पहिल्या रात्री "येऊ दे व्हिसा" म्हणताना जीभ कशी रेटली, हे आठवून त्यांना स्वतःचा राग आला. दुसऱ्यांदा अर्ज नाकारला गेला तर काय, हे विचारायची त्यांची हिंमत होईना.

अनुसयाबाई साखर मागायला आल्या आणि साखरेआधी दुसरंच मागू लागल्या. "काय वो भूमीची माय, पोरगी अजून इथंच? जवायानं सोडलं का तिले?"

"व्हिसा नाही आला."

"कायले?"

खरं सांगावं तर सारा गाव हसेल. बाईंनी साखर जरा जास्तच भरून दिली आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी भूमीच्या जुन्या वहीतले दोन कोरे कागद फाडले आणि ओट्याशी उभ्या उभ्याच साहेबाला पत्र लिहायला घेतलं. तीस वर्षांत त्यांनी याद्या सोडून काही लिहिलं नव्हतं. पहिलं वाक्य जमायला चहा दोनदा उतू गेला.

"महोदय, माझी मुलगी खरं बोलली आहे. माझे जावई बावीस रात्री माझ्या पतीशेजारी झोपले, कारण मी त्यांना तिथं झोपवलं. यात माझ्या मुलीचा, जावयांचा किंवा प्रेमाचा काही दोष नाही. आमच्या घरी लेक माहेरी असली म्हणजे असंच करतात. आपल्याकडे काय करतात मला माहीत नाही."

लखनलालनी पत्र वाचलं. "माह्यंबी नाव टाक. मी साक्षीदार आहो. जवाई रात्रभर घोरते. बावीस रात्री मले झोप नाही."

"घोरणं कसं लिहू साहेबाले?"

"अवो, तेच तर पुरावा! तो माह्याजवळ नसता तर मले कसं माहीत असतं?"

कागदाला वजन यावं म्हणून दोघं गोंदियाला कोर्टाच्या आवारात इंद्रकुमार वकिलांकडे शपथपत्र करायला गेली. वकिलांनी चष्मा कपाळावर नेला.

"देखो भाभीजी, तीस साल से नोटरी कर रहा हूँ. खेत का, मकान का, नाम का, सब का हलफनामा किया. दामाद के खर्राटे का आज तक नहीं किया."

"आज कीजिए," योगेश्वरीबाई म्हणाल्या. "लिहा, मी शपथेवर सांगते की जावई घोरतात आणि बाजेच्या पायथ्याला स्टूल होतं."

"स्टूल भी?"

"सगळंच खरं लिहायचं आहे."

वकिलांनी लिहिलं. शिक्का मारताना त्यांचे खांदे हलत होते. सुखवंताबाईंना घरी कळल्यावर त्यांनी आपलाही अंगठा हवा म्हणून हट्ट धरला. "नागझिऱ्याले मी मधात बसली होती हे बी लिव. कोणी माह्यावर आळ नको घेऊ." मग त्या कागदावर तोही अंगठा उमटला. भूमीनं सगळ्याचं इंग्रजी केलं. स्टूलापाशी आल्यावर ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

अर्ज गेला. बारा दिवस काहीच घडलं नाही. तेराव्या दिवशी दुपारी योगेश्वरीबाई भाजी चिरत असताना दिल्लीहून फोन आला. एक बाई हिंदीत बोलत होत्या. पत्राखाली ज्यांची सही आहे त्यांच्याशीच बोलायचं आहे म्हणाल्या. भूमी दारात येऊन थिजली. सुखवंताबाईंनी कान पुढे केला. अनुसयाबाई नेमक्या तेव्हाच वाटी परत करायला उगवल्या आणि वाटी हातात धरून तिथंच बसल्या.

फोनवरच्या बाईंनी पत्रातलं एकेक विचारलं. बाज कुठं होती? छपरी म्हणजे काय? आजी गाडीत का गेल्या? बाईंनी सगळं सांगितलं. मग पलीकडून प्रश्न आला, "माताजी, अब अगर दामादजी फिर से आपके घर आएँ, तो कहाँ सोएँगे?"

भूमी डोळ्यांनी विनवत होती. एक शब्द बोलायचा होता, 'मुलीसोबत', की काम झालं. पण समोर सासू होती, अनुसयाबाई होत्या, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे ते खोटं ठरलं असतं. आपण काय करू, हे योगेश्वरीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"छपरी में ही सोएँगे," त्या म्हणाल्या.

भूमीनं कपाळावर हात मारला.

"देखिए मॅडम," बाईंचा आवाज चढला, आणि हिंदी सुटून गेली, "मी लबाड नाही बोलत. इथं ते दहा वेळा आले तरी छपरीतच झोपतीन. मी नाही बदलत अन् माही सासू तर मुळीच नाही. माही पोरगी इथं आहे तोवर तिचा संसार होणार नाही. म्हणून तर म्हणून राहिली, तिले तिकडं पाठवा! तिथं तिचं घर आहे. तिथं मी नाही."

पलीकडे कोणीतरी हसू दाबत असल्यासारखा आवाज आला, आणि त्या बाई स्वच्छ नागपुरी मराठीत म्हणाल्या, "मी समजली, काकू. माझ्या घरी बी असंच आहे." फोन ठेवला गेला.

आठ दिवसांनी कुरिअरवाल्यानं पाकीट आणलं. भूमी गोंदियाला गेली होती. बाईंनी पाकीट उजेडाला धरून पाहिलं, दोनदा देवापुढे ठेवलं, तिसऱ्यांदा उघडलं. पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. तारखा त्यांनी चष्मा लावून आणि चष्मा काढून वाचल्या. मग, तीस वर्षांत न बोललेलं इंग्रजी गोळा करून, त्यांनी जावयालाच फोन लावला.

"हॅलो. युवर वाइफ इज कमिंग. यू कम स्टेशन."

पलीकडून बालाझ काहीतरी बोलला ते त्यांना कळलं नाही, पण रडणं कळलं. ते त्यांनी फलाटावर ऐकलं होतं. तेवढ्यात भूमी आत आली. आईच्या हातातला पासपोर्ट पाहून तिच्या हातातली पिशवी खाली पडली. बाईंनी फोन तिच्या हातात दिला, बाहेर आल्या आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

छपरीतून सुखवंताबाईंनी मान वर केली. "दार कायले लावलं वो? आत कोण आहे?"

"भूमी आहे."

"एकटीच?"

योगेश्वरीबाई दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या, "जवाई आहे सोबत." आणि सासू बाजेवरून उठायच्या आत त्यांनी बाहेरून कडी घातली.