बिनसाबणाचा हात

माझ्या भावाने आयुष्यात स्वतःसाठी साबणाची एक वडी विकत घेतली नाही, असं वहिनी म्हणायची आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. हात तो सुक्या भुशावर घासायचा, वर नुसतं पाणी ओतायचा आणि आम्हालाच शहाणपण शिकवायचा. "साबणाचा हात तोंडाजवळ नेलास की जनावर दात आवळतं. गुराला गुराचाच वास लागतो." वहिनी त्याला जेवायला टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसवायची. तो तिथूनही बडबड करायचा.

दादा जनावरांची तोंडं बघायचा. हे काही कुठल्या कचेरीने दिलेलं पद नव्हतं. आमच्या कुरणांच्या पट्ट्यात सगळ्यांचा धंदा एकच, वासरं वाढवायची आणि अडीच-तीन वर्षांची झाली की वजनावर सीमेपलीकडे विकायची. कुणाचं जनावर चरेनासं झालं, कुणी नवी गाय आणली, कुणाला विक्रीआधी वय पक्कं करायचं असलं, की दादाला बोलावणं जायचं. तो जनावराच्या बाजूला उभा राहायचा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथून दोन बोटं आत सरकवायचा, जीभ हलकेच धरायचा आणि डोळे मिटायचा. डोळे मिटून कसलं बघणं, असं मी त्याला लहानपणापासून चिडवत आले. "मी बोटांनी बघतो," म्हणायचा. जीभ किती गरम आहे, कुठली दाढ हलते आहे, हिरडी कुठे सुजली आहे, सगळं घडाघडा सांगायचा. आणि ते खरं निघायचं, हा त्यातला सगळ्यात चीड आणणारा भाग होता.

फी म्हणाल तर एक कप चहा आणि तासभर गप्पा. मी त्याची धाकटी बहीण, त्यामुळे मला स्पष्ट बोलायचा हक्क आहे. त्याला या मानाची चटक लागली होती. कुणी बोलावलं आणि दादा गेला नाही, असं झालं नाही. 'नाही' हा शब्दच त्याला कधी नीट उच्चारता आला नाही, आणि तसल्या माणसाचं जे होतं तेच पुढे झालं.

आमचं शेत त्याच्या शेताला लागून आहे. माझी आणि आमच्या ह्यांची मिळून बासष्ट जनावरं होती, सगळी तांबडी. माझ्या लग्नानंतर दादाने आपल्या गोठ्यातली एक कालवड मला आणून दिली होती, निम्मा कळप तिच्यापासून वाढलेला. पोटची पोरं दूर शहरात गेली. ही जनावरं मात्र संध्याकाळी माझ्या हाकेला परत यायची, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्यांच्यातच जास्त अडकलेला होता.

भाव दोन वर्षं पडतच होते. आमचा माल उचलणारा दलाल गोड बोलायचा. "तुमच्या जनावरात खोट नाही हो. पण तिकडे जहाजाने गोठवलेल्या मांसाची खोकी उतरतात. ती स्वस्त पडतात, आम्ही तरी काय करणार?" त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात लाळ्या-खुरकूत आला. तोंडात फोड येतात, लाळ गळते, खुरं चिघळतात. पुष्कळदा जनावर यातून वाचतं. धंदा वाचत नाही, कारण एका गोठ्यात एक फोड सापडला तरी सीमेवरचं फाटक अख्ख्या पट्ट्याला बंद होतं.

दलालाने निरोप धाडला, की तीन आठवड्यांनी खरेदीदारांची माणसं तपासणीला येतील. पट्टा स्वच्छ असेल तर थंडीपूर्वी सगळी जनावरं उचलतील, नाहीतर त्यांनी दुसरीकडे बोलणी करून ठेवलीच आहेत. चारा तर निम्म्या जनावरांना पुरेल एवढाच होता. विक्री झाली नाही तर थंडीत काय होणार, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. सगळ्यांची पाचावर धारण बसली.

सरकारी डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, पण बोलणं चोख. त्यांनी शाळेच्या खोलीत सगळ्यांना बसवून सांगितलं, "कुणी कुणाच्या गोठ्यात जायचं नाही. फाटकाशी औषधाचं पाणी ठेवा, बूट बुडवल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. हात साबणाने धुवा. एकाही जनावराची लाळ गळताना दिसली तर त्याच मिनिटाला मला फोन करा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि अळीमिळी गुपचिळी. त्यांना फोन करायचा म्हणजे नोंद होणार, नोंद झाली म्हणजे फाटक बंद. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? पण आपला गोठा स्वच्छ आहे की नाही, हे कळल्याशिवाय झोपही लागेना. मग उरलं कोण? दादा. त्याने तोंड बघावं, काही दिसलंच तर ते एक जनावर गुपचूप बाजूला काढावं, असा सगळ्यांचा हिशेब.

नऊ दिवसांत तो एकोणीस गोठे फिरला. डॉक्टरीणबाईंनी जे नको म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्याकडून करून घेतलं. आमचे हे मला म्हणाले होते, "नको बोलावूस त्याला."

"माझा भाऊ आहे तो, परका आहे का?" मी म्हटलं.

आमचा गोठा शेवटचा. त्याने फाटकाशी बूट बुडवले, अगदी शहाण्या मुलासारखे. नळाजवळच्या पायरीवर मी साबण ठेवलेला होता. तो येताना दिसला तशी मी ती वडी उचलली आणि आत नेऊन ठेवली. आमची जनावरं बुजरी, उगाच उधळतील असं वाटलं. त्याने हात भुशावर घासले आणि बासष्ट तोंडं बघितली, एकेक. मी दावं धरून उभी होते. संपल्यावर म्हणाला, "सगळी स्वच्छ आहेत."

दुसरा चहा त्याने घेतला नाही. गप्पांनाही बसला नाही. मी म्हटलं, "काय रे, व्याह्यांनी जास्त पाहुणचार केला वाटतं?" त्याच्या मुलीचं सासर याच पट्ट्यात, व्याह्यांचा गोठा त्याने चौथ्या दिवशी बघितला होता. तो म्हणाला, "दमलोय गं," आणि निघाला.

तो येऊन गेल्यावर पाचव्या दिवशी सकाळी माझी सगळ्यात थोरली गाय हौदाशी नुसती उभी होती. पाण्याला तोंड लावेना. खालच्या ओठापासून जमिनीपर्यंत लाळेची तार लोंबत होती. मी तिचा ओठ वर केला. जिभेवर फोड होता, लिंबाएवढा. मी हौदाच्या कट्ट्यावर बसले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. फोन आमच्या ह्यांनी केला.

चार दिवसांत डॉक्टरीणबाईंनी सगळा पट्टा पालथा घातला. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. प्रत्येक गोठ्यावर पेन्सिलीने खूण आणि शेजारी तारीख. दादा दारात उभा होता. त्याच्याही गोठ्यात लाळ गळायला लागली होती. डॉक्टरीणबाई खुणांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "वाऱ्याने आला असता तर असा उड्या मारत गेला नसता. मधले तीन गोठे कोरे आहेत. कुणीतरी माणूस फिरलाय. कोण?"

मी ओट्याकडे तोंड करून पातेलं पुसत राहिले.

"मी," दादा म्हणाला. आणि त्याने चौथ्या दिवसापासून पुढचे सगळे गोठे ओळीने सांगितले. ते त्या पेन्सिलीच्या तारखांशी जुळले.

"कुठल्या जनावराच्या तोंडात फोड लागला होता का तुमच्या हाताला?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधीची तारीख बघितली. ती व्याह्यांच्या गोठ्याची होती. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्या गेल्यावर मी त्याला मागच्या अंगणात गाठलं. "खरं सांग."

तो भिंतीला टेकला. "व्याह्यांच्या तिसऱ्या गाईच्या जिभेवर होता. छोटा. बोटाखाली फुटला. ते म्हणाले, काटा लागलाय. मी म्हटलं, असेल."

"असेल? तुला कळत नाही काटा कुठला ते?"

"कळलं होतं. पण मुलगी त्यांच्या घरात आहे गं. पट्ट्याचं फाटक आपल्या सासऱ्यामुळे बंद झालं आणि ते आपल्या बापाने करवलं, हे घेऊन तिने तिथे कसं राहायचं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तरी माझा राग जाईना. "मग तिथेच थांबायचंस. पुढे का गेलास?"

"सगळे वाट बघत होते. नाही गेलो असतो तर विचारलं असतं, का नाही आलास म्हणून."

"निदान हात तरी धुवायचेस."

तो माझ्याकडे बघत राहिला. पायरीवरचा साबण मी उचलला तेव्हा तो फाटकातच होता, त्याने ते पाहिलं होतं. मी घरात आले.

जनावरं मारायची ठरली, दादाची आणि तो फिरलेल्या एकोणीस गोठ्यांतली सगळी. लाळ गळणारी आणि न गळणारी, दोन्ही. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, खोल खड्डे खणणारी यंत्रं आली, चुन्याची पोती आली. यंत्रांच्या आवाजाने गुरं बिथरली, कुंपणं मोडायला लागली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच दादाला विचारलं, "तुमच्या हाताला उभी राहतात ना ती? याल का?" आता त्याच्या हाताने आणखी काही बिघडण्यासारखं राहिलं नव्हतं. 'नाही' तर त्याला म्हणता येतच नव्हतं. आधी स्वतःचा गोठा, मग माझा, मग बाकीचे. तो प्रत्येकीच्या गालावर हात ठेवून उभा राहायचा, ती शांत व्हायची, मग तो बाजूला व्हायचा. माझी थोरली गाय त्याचा तळवा चाटत होती. मी खिडकीतून पाहिलं, ते पाहायला नको होतं.

पट्टा स्वच्छ असल्याचा दाखला आला वीस महिन्यांनी. वरातीमागून घोडं. तोवर खरेदीदारांनी दुसऱ्या मुलखाशी लांबचे करार केले होते. दलाल आधी फोन उचलेना, मग एकदाचा म्हणाला, "बाई, तुमच्या पट्ट्याचं नावसुद्धा आता तिकडे कुणी काढत नाही." कुरणांत माणूसभर गवत माजलं. व्याही बंदरावरच्या शीतगृहात पहारेकरी झाले. ती गोठवलेल्या मांसाची खोकी आता तेच राखतात. रोग दादानेच आमच्या गोठ्यात आणला, असं व्याही सगळ्यांना सांगतात. दादाने ते कधी खोडून काढलं नाही. मुलगी बापाला फोन करत नाही. ज्या मुलीसाठी हे सगळं झालं ती अशी दुरावली, आणि मला ही गोष्ट त्या खड्ड्यांपेक्षाही जास्त लागते.

दादा आता हात धुतो. दिवसातून वीस-वीस वेळा, साबणाने, कोपरापर्यंत. कातडीला भेगा पडल्यात, त्यातून रक्त येतं. चाळीस वर्षं साबणासाठी भांडलेली वहिनी आता साबण कपाटात कुलूप लावून ठेवते. तो दुकानातून स्वतः आणतो.

मागच्या महिन्यात मी एक कालवड आणली. विकायला कुणाला, घरच्या दुधापुरती. एवढ्या मोठ्या रिकाम्या गोठ्यात ती एकटी, हाक मारायला तरी कुणी असावं म्हणून. दादाला निरोप पाठवला, येऊन तोंड बघून दे. तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला. फाटकाशी थांबला, नळावर गेला. पायरीवर साबण होता, तो या वेळी मी जागचा हलवला नव्हता. त्याने दोनदा हात धुतले.

कालवडीने लांबूनच हुंगलं आणि मागे सरली. तो बाजूने गेला, जुन्या सवयीने. बोटं ओठाजवळ आली तशी तिने दात आवळले आणि दावं ताणून भिंतीला जाऊन भिडली. त्याने पुन्हा एकदा करून बघितलं. तिसऱ्यांदा नाही.

मी मूठभर भुसा पुढे केला. "यावर घास ना हात."

त्याने मान हलवली. "बरोबर आहे तिचं. तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मी सांगतो. कोपऱ्यातून बोटं घाल. जीभ धर. डोळे मीट."

माझ्या हाताला ती उभी राहिली. बोटांना ओलं, खरखरीत काहीतरी लागलं, ते गरम आहे की नेहमीसारखं, मला काही समजेना. दादा चार पावलांवर उभा होता, ओले हात अंगापासून लांब धरून.

"काय लागतंय?" त्याने विचारलं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

तो बरं म्हणाला आणि पुन्हा नळाकडे गेला.