सतराव्या पानावरचं पिंपळपान

पुस्तकं झटकली की धूळ निघती, अन् धुळीसंगं माणसं. औशाच्या वाचनालयात मी तीस वर्षं शिपाई. शिकलो चौथी. एक बी पुस्तक पुरं वाचलं न्हाई, पण कोण काय वाचतंय ते सगळं ठावं!

पेपर एक, वाचणारे वीस. म्हणून पानं सुटी करून वाटायचो. बांधावरून भांडलेले दोघं सख्खे भाऊ, बोलणं बंद. थोरल्याकडं पहिलं पान, धाकट्याकडं सातवं. अन् थोरल्याची बातमी अर्ध्यात तुटून "पान सातवर"! मला म्हणतोय, "नामदेव, त्याला म्हणावं, पान दे."

माझं डोस्कं फिरलं. "मी काय पोस्टमन हाय का? तोंडानं माग!"

थोरला धाकट्याकडं न बघताच बोलला, "दे की."

धाकटा म्हणाला, "वाचू तर दे!"

कित्येक वर्षांनी बोलले, ते बी भांडल्यावानीच.

•

एका सूनबाईला घराभायेर सोडत नव्हते. मी सायकलवर पुस्तक पोचवायचो. तिनं सांगितलं, "मामा, रडकं नको." मी कव्हर बघून हसऱ्या बाईचं नेलं.

दुसऱ्या दिवशी डोळे लाल! "मामा, तिसऱ्या पानावरच आई मेली हिची!"

"मग कव्हरवर दात कशाला काढलालीय ती?"

•

वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून सतराव्या पानावर खूण करायची आमच्याकडं रीतच होती. वकीलसाहेबाचा गोल, बँकवाल्याची फुली, गुरुजीचं बारीक पिंपळपान. तपासणीला आलेला साहेब मला सगळ्यांपुढं बोलला, "पुस्तकं घाण केलीत!"

मला आला राग. पंधरा दिवस रबर घेऊन बसलो, एक खूण ठेवली न्हाई!

वकीलसाहेब बोंबलत आले, "शंभर पानं वाचल्यावर कळलं, हे वाचलेलंच हाय!"

"मग आता तरी ध्यानात ठेवा!"

गुरुजी तेवढं हसले. "बरं झालं नामदेव. सगळी नवी करून दिलीस."

•

आता क्लासची पोरं येतेत, स्वतःची पुस्तकं घेऊन. कपाटाला पाठ लावून बसतेत. परवा एक म्हणलं, "काका, ही कपाटं हलवा की, मागं चार्जिंगचं बटण हाय."

खवळणारच होतो, पण कपाट उघडून बी किती दिवस झालते.

•

गुरुजी गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या घरच्या काकू आल्या. वाचनालयात पहिल्यांदाच.

"नामदेव भाऊ, यांनी वाचलेली पुस्तकं द्या. जिंदगीभर म्हणायचे, हे वाच, ते वाच. मला सैपाकातून सवड घावली न्हाई. आता एकेक वाचते. सतराव्या पानावर पिंपळपान असतंय म्हणे."

खुणा मीच पुसलेल्या, जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली. मी म्हणलो, "उद्या या काकू, काढून ठेवतो."

त्या गेल्यावर एक पुस्तक घेतलं. सतरावं पान उघडलं. पेन्सिलीला टोक केलं. जमंल तसं पिंपळपान काढलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चष्मा लावला, पान उघडलं. पिंपळपानावरून बोट फिरवलं. मी फरशीकडं बघून राहिलो.

"यांच्या पानाला देठ नसायचा," काकू म्हणाल्या.

मग पुस्तक पिशवीत घातलं, दारापर्यंत गेल्या अन् वळल्या.

"आठ दिवसांनी येते. पुढच्याला देठ काढू नका."