आबा असताना मुंडण

"अँड्रोजेनेटिक अलोपेशिया," धुळ्याच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिता लिहिता सांगितलं. माझा चेहरा पाहून मग मराठीत म्हणाले, घराण्यातून येणारं टक्कल. केसांची मुळं बारीक होत जातात आणि शेवटी झोपी जातात. "जिवाला काही धोका नाही." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी पस्तिशीचा, पाटबंधारे खात्यात कारकून.

ज्यांना हे झालं नाही ते हसतील, म्हणून आजवर बोललो नाही. ज्यांना झालंय त्यांच्यासाठी लिहितो आहे. टकलापायी माणूस रडतो का? मी न्हाणीत नळ सोडून रडलो आहे.

अमळनेरला कॉलेजात असताना सायकल उताराला लागली की केस मागे उडायचे आणि वारं मुळांपर्यंत लागायचं. पुढे लोकांना वाटलं, मला रुबाब हवाय. रुबाब हवा होताच. पण त्या वाऱ्याची जी ओढ होती ती कोणाला सांगता येण्यासारखी नव्हती. ऑफिसात मित्र विचारायचे, भाऊसाहेब, मैदान तयार झालं, मॅच कधी? मीही हसायचो. बायको, मंगल, एकदा म्हणाली, "मला तुम्ही आहात तसे चालता." त्यातलं 'चालता' मला कितीतरी दिवस बोचलं.

आधी मिनॉक्सिडिल झालं. टाळूला सकाळ-संध्याकाळ लावायचं औषधी पाणी. थोडी लव आली, तीही गेली. मग नाशिकच्या एका सर्जनकडे गेलो. वेटिंग रूममध्ये आम्ही सगळे पुरुष टोप्या घालून बसलेलो, कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे मानेच्या वरचे, कानामागचे केस मुळासकट काढून पुढे रोवायचे. तिथली मुळं सहसा झोपत नाहीत. सर्जन म्हणाले, "माझी एक अट असते. आदल्या दिवशी पूर्ण डोकं उतरवून, म्हणजे मुंडण करून यायचं." मग त्यांनीच विचारलं, "वडील आहेत?"

"आहेत."

"मग घरी बोलून या."

आमच्याकडे बाप गेला की मुलगा डोकं उतरवतो. बाप बसलेला असताना उतरवायचं म्हणजे त्याचं मरण मागितल्यासारखं.

महिने गेले. मंगल म्हणाली, तिरुपतीचा नवस होता म्हणून सांगा, देवाला केस देतातच की. पण देवाच्या नावाने वडिलांशी, आबांशी, खोटं बोलवेना, आणि खरंही बोलवेना. आबा अमळनेरजवळच्या गावी माझ्या थोरल्या भावाकडे राहायचे. दम्याने खंगलेले.

आता जे कधीच सांगितलं नाही ते सांगतो. त्या हिवाळ्यात मी गावी असताना आबांना धाप लागली. मी त्यांची पाठ चोळत होतो. चोळता चोळता मनात आलं, हे गेले तर डोकं आपोआप उतरेल. कोणाला काही विचारावं लागणार नाही. दहावं उरकलं की थेट नाशिक.

धाप बसली. मी पाणी दिलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला, आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

पुढच्या वेळी गेलो ते सगळं सांगायचं ठरवूनच. अंगणात आबा खाटेवर, आई खाली शेंगा सोलत होती. ऑपरेशनचं सांगितलं, डोकं उतरवायचं सांगितलं. आई उठून आत गेली. आबा हसले, त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"म्हंजे तू मन्ही वाट दखी ऱ्हायना का?"

मी त्यांच्या जाण्याची वाट पाहतोय का, ही थट्टाच होती. हसून सोडून देता आलं असतं. मी म्हणालो, "एकदा पाहिली, आबा. तुम्हाला धाप लागली होती तेव्हा."

त्यांनी बराच वेळ माझ्या डोक्याकडे पाहिलं, डोळ्यांकडे नाही. मग भावाला हाक मारून न्हाव्याला आणायला पाठवलं. मी म्हटलं, आज नको, तारीख घेतलेली नाही. ते मला तिथेच अंगणात बसवत म्हणाले, "आठेच बठ. मी बी बठस. लोकेसले दखू दे, बाप जित्ता शे."

न्हावी वस्तरा उघडेना. आबांनी त्याला दोनदा दटावलं. अर्धं डोकं झालं असेल, तोच शेजारची काकू फाटकातून आत आली आणि मला पाहताच आबा गेले समजून पदर तोंडाला लावून तिने रडण्याचा सूर काढला. "मी आठे शे," आबा खाटेवरून म्हणाले. "रडनं व्हई गये व्हई तं चहा ठेव."

ती गेल्यावर त्यांनी माझ्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला. खरखरीत, तंबाखूच्या वासाचा हात. "मी मरसू तवय डोकं नको भादरजो," ते म्हणाले. "मी आतेच दखी लिधं. कोनता बापले दखाले भेटस?"

पंधरवड्याने नाशिकला गेलो, वाढलेलं तिथेच पुन्हा उतरवलं. लोकल अ‍ॅनेस्थेशिया, म्हणजे फक्त डोकं बधिर करायचं इंजेक्शन. आपण जागेच असतो. टोचण्या दुखतात, नंतर कपाळ सुजून डोळ्यांवर उतरतं, रोवलेले केस आधी गळतात. घाबरू नका, पुढे येतात. माझे आले. विरळ, पण आले.

तुमचे वडील असतील आणि अट हीच असेल, तर त्यांना विचारा. नाही म्हणाले तर ऐका. पण त्यांच्या पाठीवर हात ठेवून मनात दिवस मोजू नका.

आबा त्यानंतर चार पावसाळे राहिले. ते गेले तेव्हा भावाने सगळ्यांसमोर सांगितलं, याला आबांनी नको म्हटलं होतं. नदीवर न्हावी माझ्यासाठी थांबला, करू की नको असं बघत. मी टोपी काढली आणि पुढे जाऊन बसलो. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी जीव टाकला ते केस मांडीवर पडत होते आणि मी डोकं आणखी खाली वाकवत होतो, कोणाचा तरी हात त्यावर पडेल म्हणून.