सुमा चेचीच्या अवियलमध्ये मटार

काल सुमा चेचीच्या सोळाव्याला माणसांनी फालूदा खाल्ला.

मी सहसा इथे काही लिहीत नाही. वाढदिवसाला थँक यू म्हणते तेवढंच. पण कालचं कुठेतरी सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय.

सुमा चेची म्हणजे शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, पालक्काडची. चेची म्हणजे ताई.
मी फार बोलत नाही. 'इतकी गप्प का?' असं तिने मला कधीच विचारलं नाही. ती फक्त जेवायला बसवायची.

केरळची भाजी विमानाने यायची, त्या सकाळी ती माझी बेल वाजवायची. मग आम्ही रोल्लाच्या भाजीबाजारात.
शेवग्याची शेंग नखाने दाबून, सुरण हुंगून, पडवळ उजेडात फिरवून बघायची.

भाजीवाला वैतागायचा. "अम्मा, शादी के लिए लडकी देख रही हो क्या?"
"लडकी फोटो देखके भी चलेगी," ती म्हणायची. "सुरण नहीं."

मग तिच्या ओट्यावर अवियलसाठी सगळ्या भाज्या बोटाएवढ्या लांब चिरायच्या. ओलं खोबरं, जिरं, हिरवी मिरची जाडसर वाटायची. दही. गॅस बंद केल्यावर वरून कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता, आणि झाकण.
ते झाकण काढल्यावर जो वास यायचा, त्यासाठी मी ऑफिसला उशिरा गेलेय.

आमच्या फ्रीझरमध्ये तिला एकदा मिक्स व्हेजची पिशवी दिसली.
"ये सब्जी नहीं है. मुर्दा है. बर्फ में रखा है."

गेल्या महिन्यात ती गेली. हार्ट.
कागदपत्रं होईपर्यंत तिलाही थंड खोलीत ठेवलं होतं. तिथे उभी असताना मला तिचं ते वाक्य आठवलं. मी बाहेर जाऊन ओकले.

त्यांच्यात सोळाव्या दिवशी जेवण असतं. रवी चेट्टन, म्हणजे तिचे मिस्टर, यांनी एकच गोष्ट मागितली होती. पहिलं केळीचं पान तिचं. घरी शिजवलेलं, ताज्या भाजीचं. ते ठेवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.
आपल्याकडेही असंच असतं. न समजण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या बिल्डिंगचा ग्रुप चालवणारे संजयदादा म्हणाले, चेट्टन, सब मुझ पे छोड दो.

हेच संजयदादा. दोन उन्हाळ्यांपूर्वी यांनीच ग्रुपवर लिहिलं होतं की कॉरिडॉरमध्ये खोबरेल तेलाचा वास येतो, गेस्ट येतात, प्लीज दारं बंद ठेवा. खाली सगळ्यांच्या थम्ब्स-अपची रांग.
चेचीने तेव्हापासून दार बंद करून स्वयंपाक केला. इथल्या जुलैत.

काल हॉलमध्ये शिरले तर समोर फ्लेक्स. ओणमच्या फोटोतून कापलेला तिचा चेहरा आणि खाली 'टेस्ट ऑफ साउथ'.
लाइव्ह डोसा काउंटर. पनीर. फालूदा.

मी संजयदादांना विचारलं, फालूदा कशाला?
"वहिनी, आपल्याकडे तेराव्याला गोड असतंच ना."

अवियलच्या ट्रेमध्ये मटार होते. चौकोनी गाजर. स्वीट कॉर्न. दही फाटून वर तरंगत होतं, खाली पाणी.
मी एक घास घेतला. मटार फुटला आणि आतून गार पाणी आलं. टिश्यूत थुंकले.
माझी लेक एवढंच म्हणाली, "आई, धिस इज नॉट हर फूड."

चेट्टन कागदी प्लेट घेऊन रांगेत उभे होते. स्वतःच्या बायकोच्या सोळाव्याला रांगेत.
त्यांनी हळूच विचारलं, केले का पत्ता कहाँ रखा है?
"अरे हबीबी, बुफे है ना," संजयदादा म्हणाले. "आप शुरू करो, फिर फ्लेक्स के साथ एक फोटो."
फोटो काढणारा म्हणाला, अंकल, थोडा स्माइल.

चेट्टनच्या हातातली प्लेट कलली. ते पांढरं पाणी त्यांच्या मुंडूवर, नेसलेल्या लुंगीवर, ओघळलं. त्यांना कळलंही नाही.

मी प्लेट त्यांच्या हातातून घेतली आणि डस्टबिनमध्ये रिकामी केली.
"वहिनी, लोक जेवतायत."
"जेवू देत. हे तिचं नाही."
माझ्या मानाने हे खूप बोलणं झालं.

लेकीला आणि चेट्टनना गाडीत घालून मी रोल्लाला गेले. भर दुपार. चेट्टनना भाजी निवडता येत नाही, ते नेहमी गाडीत बसून राहायचे. मी निवडली. केळीची पानं घेतली.
तिच्या स्वयंपाकघरात, दार सताड उघडं ठेवून मी अवियल केलं. आधी कधीच केलं नव्हतं. वास जिन्यापर्यंत गेला असेल. जाऊ दे.

पहिलं पान तिचं वाढलं. तिने जेवावं म्हणून थोडा वेळ तिघेही बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. मग आमची पानं.
चेट्टन ती गेल्यापासून चहा-बिस्किटांवर होते. काल त्यांनी भात दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर मी सवयीने पान माझ्याकडे दुमडायला लागले. त्यांनी माझा हात धरला.
त्यांच्यात शुभ जेवणाचं पान स्वतःकडे दुमडायचं असतं, माणूस गेल्यावर पलीकडे.
"आज उधर, बेटी."
स्वतःचं पान मात्र ते बराच वेळ तसंच उघडं ठेवून बसले. मग त्यांनीही ते पलीकडे दुमडलं.

तेवढ्यात ग्रुपवर फोटो आले. 'व्हॉट अ ब्यूटिफुल सेंड-ऑफ.' हृदयं. फालूदा उरलाय, कुणाला हवा असल्यास घेऊन जा.
मी ग्रुप सोडला. कुणी विचारू नका.

चेची, सुरण जरा कच्चं राहिलं. आमच्या तिघांचेही घसे अजून खाजतायत.
चेट्टननी तरीही पानात काही टाकलं नाही.
निवांत जा. ये आता.